जूनमध्ये फुलणारी सीतेची वेणी

सुरगाण्याच्या बाजूला एका पाड्यावरच्या शाळेत मी सहा वर्षं शिकवलं आणि आणीबाणी उठली त्या वर्षी माझी बदली नाशिकला झाली. निघायच्या आठवड्यात वळवाच्या पावसाने शाळेसमोरच्या जुन्या आंब्याची फांदी मोडून पडली. तासाभरात माणसं कुऱ्हाडी घेऊन सरपणाला आली. फांदीवर एके ठिकाणी पट्ट्यासारखी जाड पानं होती आणि लाकडाला चिकटलेली, बोटाएवढी पांढरी मुळं. शाळेत पाणी भरणाऱ्या मावशी माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्या ओरडल्या, "तेवढं नका तोडू रं! सीतेची वेणी हाय ती."

मी विचारलं, "वेणी कुठंय?"

"आत्ता नाय दिसायची. फुलली म्हंजे बघा. हातभर लोंबती."

त्यांनी तिथल्या एका पोराकडून कुऱ्हाड घेतली आणि पानांसकट वीतभर लाकूड कापून माझ्या हातात दिलं. वर बजावलं, "झाडाला बांधा. मातीत नका लावू, मरल."

ते लाकूड मी ओल्या फडक्यात गुंडाळून जीपमध्ये मांडीवर ठेवलं. वणीपर्यंत जीप आणि पुढे एसटी. वाटेत एका म्हाताऱ्याने अगदी काळजीने विचारलं, "बाई, नाशकात सरपण मिळत नाही का?"

आमचं घर सातपूरला कामगारांच्या वसाहतीत होतं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. माझे मिस्टर एका कारखान्यात लेथवर होते, आठवड्याला पाळी बदलायची. घरात सासूबाई. मी शिकलेली, मास्तरीण. कुठलंही झाड मातीत लावायचं असतं एवढं मला कळत होतं, म्हणून घरी आल्या आल्या छानशी कुंडी आणली, शेणखत घातलं आणि वेणी त्यात पुरली. दीड महिन्यात अर्धी मुळं काळी पडली. खालची दोन पानं हात लावताच गळून आली. तेव्हा मला मावशींचं बोलणं आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. झाड उपटलं, धुतलं, सडलेलं कापून टाकलं आणि उरलेलं पुन्हा त्याच आंब्याच्या लाकडाला सुतळीने बांधून पडवीत टांगलं.

सासूबाई रोज बघत होत्या. एके दिवशी शेजारणीला म्हणाल्या, "सुना तुळशीला पाणी घालतात, पिंपळाला घालतात. लाकडाला पाणी घालणारी आमचीच."

मी म्हटलं, "आई, ती सीतेची वेणी आहे."

"सीतेची का असेना, पाणी आपल्या नळाचं आहे ना? तो दोन तासच येतो."

पण झाड जगलं. नाशिकचा उन्हाळा कोरडा, एप्रिलमध्ये पानं सुरकुतायची. मिस्टरांनी न बोलता पडवीच्या एका बाजूला गोणपाट लावलं आणि वर भोकं पाडलेली पत्र्याची नळी बसवली. सकाळी नळीत बादलीभर पाणी ओतलं की गोणपाट दुपारपर्यंत ओलं राहायचं. त्यांचा स्वभाव तसाच. मला काय हवंय ते विचारायचे नाहीत, पण रविवारी हातात पक्कड दिसली की समजायचं, काहीतरी होतंय. सुताराकडून सागाच्या पट्ट्या आणून त्यांनी एक टोपलीही केली. त्यात नारळाच्या शेंड्या आणि कोळशाचे तुकडे भरून मी लाकूड मधोमध बसवलं. शेंड्यांवरून मात्र सासूबाईंशी वाजलं, कारण भांडी घासायला त्यांना त्याच लागत.

तीन वर्षं गेली, फूल नाही. पानं मात्र वाढत होती, मुळं टोपलीबाहेर लोंबत होती, आणि मला ते झाड कुणाला तरी दाखवायची घाई झाली होती. अशात शहरात हिवाळ्यात भरणाऱ्या फुलांच्या प्रदर्शनाची जाहिरात पेपरात आली. मी अर्ज भरला.

नाशिकचं प्रदर्शन म्हणजे गुलाबांचं राज्य. बंगलेवाले लोक ओल्या कापसात गुंडाळलेली फुलं स्कूटरवरून, गाडीतून आणत होते. माझ्या हातात टोपली आणि टोपलीत लाकूड. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "फूल कुठंय?"

"जूनमध्ये येतं."

"मग जूनमध्ये आणा."

"जूनमध्ये प्रदर्शन असतं का?"

"नाही," ती म्हणाली आणि दोघींनाही हसू आलं. शेवटी तिने 'निवडुंग व इतर' या टेबलावर जागा दिली.

परीक्षक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर होते. उंच, पांढऱ्या मिशा, हातात भिंग. गुलाबांत त्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा. माझ्या टोपलीपाशी ते थांबले आणि सौम्यपणे म्हणाले, "बाई, हे बांडगूळ आहे. आंब्याचा रस पिऊन जगतं. असलं घरात लावू नये."

मी म्हटलं, "साहेब, हे लाकूड तीन वर्षांपूर्वी तोडलंय. वाळून खडखडीत झालंय. त्यात रस कुठून येणार?"

त्यांनी भिंगातून एकदा मुळांकडे पाहिलं आणि पुढे गेले. पण मागून नोंदी करत येणाऱ्या माणसाने तोवर कार्डावर 'बांडगूळ' असं सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं होतं. दुपारी माझ्याच वर्गातली सातआठ मुलं प्रदर्शनाला आली. मीच त्यांना वाचायला शिकवलं होतं, तेव्हा त्यांनी ते मोठ्याने वाचलं. सोमवारी शाळेत मुख्याध्यापकांनी विचारलं, "काय बाई, कसं आहे तुमचं बांडगूळ?" वर्षभर ते मला चिकटलं.

पुढच्या मे महिन्याच्या शेवटी पानांच्या बगलेतून हिरवट तुरे डोकावले आणि खाली वळले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तीन वेण्या फुलल्या. पांढऱ्या फुलांवर जांभळे ठिपके, फुलाला फूल खेटून, वरपासून खालपर्यंत गच्च. कुणीतरी बसून गुंफल्यासारखं. मी शाळेला जायची साडी नेसून तशीच पडवीत उभी राहिले. सासूबाई आतून चष्मा घेऊन आल्या, जवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तर खरंच वेणी आहे गं." मग नळावर जाणाऱ्या एकूणएक बाईला त्यांनी थांबवून झाड दाखवलं. त्या गर्दीतच मला एक गोष्ट कळली. शेजारीण म्हणाली, "मावशी, खत काय घातलं?" आणि सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, "दर रविवारी मासळी धुतलेलं पाणी. हिला सांगितलं नाही, नाहीतर पुस्तकात बघत बसली असती." रविवारी दुपारी शेजारचं मांजर आमच्या टोपलीकडे टक लावून का बसतं, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

मी मिस्टरांना म्हटलं, "हे त्या साहेबांना दाखवायचं."

त्यांची पहिली पाळी होती. साडेतीनला ते आले, हातपाय धुतले आणि आम्ही टोपली घेऊन शहर बसमध्ये चढलो. बस सुरू होताच खिडकीतल्या वाऱ्याने वेण्या झोकांडायला लागल्या. कंडक्टर आमच्याच वसाहतीतला. "जयभीम ताई," म्हणाला, फुलांकडे बघितलं आणि खणखणीत आवाज दिला, "खिडक्या लावून घ्या! फूल आहे!" पाळी सुटलेल्या कामगारांनी भरलेली बस ती. जूनचा उकाडा, घामाने निथळणारी माणसं, आणि एकाने, फक्त एकाने कुरकुर केली. बाकीच्यांनी खिडक्या ओढून घेतल्या. गंगापूर रोडला उतरलो तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, रोज नका आणू हां."

इंजिनियरसाहेबांनी बनियनवरच दार उघडलं. टोपलीकडे बघून विचारलं, "हे काय?"

"बांडगूळ, साहेब."

ते मोठ्याने हसले. आत जाऊन सदरा घातला, भिंग आणलं, पत्नीला बोलावलं. टोपली अंगणातल्या कडुनिंबाला टांगून त्यांनी फुलं इतका वेळ पाहिली की आमचा चहा पिऊन संपला आणि त्यांचा निवून गेला. मग खुर्चीवर बसत म्हणाले, "बाई, तुम्ही विचारलं होतं ना, वाळक्या लाकडात रस कुठून? मी घरी येऊन पुस्तकं काढली. ही आमरी, म्हणजे ऑर्किड. झाडावर नुसती बसते, त्याचं काही घेत नाही. हवेतलं पाणी पिते. माझंच चुकलं. कार्ड बदलायला हवं होतं, पण तुमचा पत्ता शोधायला लाज वाटली."

एवढा मोठा माणूस असं सरळ बोलेल याची मी कल्पनाच केली नव्हती. मिस्टर म्हणाले, "साहेब, जूनमध्ये प्रदर्शन का नसतं?"

"गुलाब नसतात म्हणून," ते म्हणाले, आणि स्वतःच विचारात पडले.

प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाच्या लोकांना जूनचं पटवायला त्यांना दोन वर्षं लागली. आपण क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमरींचं प्रदर्शन भरलं. सगळं शहर अर्धवट झोपेत होतं. बारा टेबलं मांडली होती, चार भरली. उरलेल्यांवर नेचे ठेवून वेळ मारून नेली. एका डॉक्टरांनी कलकत्त्याहून मागवलेली जांभळी आमरी होती, फुलपाखरांची रांग बसावी तशी. माझ्या झाडाला त्या वर्षी पाच वेण्या, उशिराच फुललेल्या. कार्डावर मी स्वतः लिहिलं: सीतेची वेणी, पाच तुरे. इंजिनियरसाहेबांनी परीक्षण करायला नकार दिला. म्हणाले, "मी आता तटस्थ राहिलेलो नाही." म्हणून पुण्याहून एक परीक्षक यायचे होते. आदल्या रात्रीच्या जल्लोषामुळे त्यांना सकाळची गाडीच मिळाली नाही, तेव्हा परीक्षण दुपारवर गेलं आणि लोकांना आधीच आत सोडलं.

सासूबाई सकाळपासून झाडाशेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या. कुणी बोट पुढे केलं की म्हणत, "बघायचं. लावायचं नाही."

दुपारी हॉलशेजारच्या बांधकामावरच्या चार बायका दाराशी आल्या. पेरणीला गावी जायचं होतं, पण स्लॅब उरकायचा म्हणून ठेकेदाराने थांबवून घेतलं होतं. अंगावर सिमेंटची धूळ. दारावरचा स्वयंसेवक घुटमळला. इंजिनियरसाहेब लांबूनच म्हणाले, "येऊ द्या, येऊ द्या." त्या भिंतीकडेने चालत आल्या आणि माझ्या टेबलापाशी आल्यावर त्यांच्यातली एक थबकली.

"अगं, ही तर आमची! ही हितं कशी आली?"

"जीपने," मी म्हटलं.

ती खळखळून हसली. तिचं गाव माझ्या शाळेपासून दोन कोसांवर निघालं. मग ती सांगायला लागली. आंब्यावर येते, ऐनावर येते, मोहावर येते. ओढ्याकाठची जास्त लांब. लोक भोवती जमले. डॉक्टर आले. इंजिनियरसाहेबांनी खिशातून वही काढली आणि विचारलं, "सागावर येते का?" ती म्हणाली, "सागाचं पान लय मोठं, खाली सावली गच्च. तिथं मी तरी नाय बघितली." ते त्यांनी लिहून घेतलं. चार वाजेपर्यंत जो कुणी आला तो तिच्याकडून ऐकून गेला.

निघताना ती फुलांकडे बघत म्हणाली, "आमच्याकडं पोरी केसात माळतात. यंदा मी गावाला नाय, तर राहिलंच."

पुढचं इतक्या पटकन झालं की मला अडवताच आलं नाही. दिवसभर कुणाला बोट लावू न देणाऱ्या सासूबाई स्टुलावरून उठल्या, सगळ्यात लांब वेणी देठापासून खुडली आणि त्या बाईच्या अंबाड्यात खोवली. "जा आता," म्हणाल्या. ती बाई अंबाड्याला हात लावून उभीच राहिली. तिच्या मैत्रिणी तिला ओढत, हसत घेऊन गेल्या.

मी हळूच म्हटलं, "आई, परीक्षण व्हायचंय अजून."

"चार आहेत की."

पुण्याचे परीक्षक अर्ध्या तासाने आले. भले गृहस्थ, डोळे तांबारलेले. त्यांनी कार्ड वाचलं, तुरे मोजले, पुन्हा मोजले. "बाई, इथे पाच लिहिलंय. एक कुठंय?"

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोर पाटी डोक्यावर घेऊन ती बाई परांचीवर चढत होती, आणि मानेमागे पांढरी-जांभळी वेणी झुलत होती. परीक्षकांनी चष्मा वर करून पाहिलं. हॉलमध्ये हशा पिकला. ते म्हणाले, "नियमाने खुडलेलं झाड पहिल्या बक्षिसाला घेता येत नाही. पण तिथे ती जास्त चांगली दिसतेय, हे मलाही कबूल आहे."

पहिलं बक्षीस डॉक्टरांना, दुसरं मला. सासूबाई घरी येईपर्यंत डॉक्टरांच्या झाडाबद्दल बोलत होत्या. "ते विकत आणलेलं," असं त्यांनी बसमध्ये तीन जणांना सांगितलं. मिस्टरांनी दुसऱ्या बक्षिसाचं प्रशस्तिपत्र चौकटीत बसवलं आणि कुणाला न विचारता पडवीत खिळा ठोकला.

पावसाळी प्रदर्शन पुढे बरीच वर्षं भरत राहिलं. टेबलं भरायला लागली, वसाहतीतल्याच तीन घरांतून झाडं यायला लागली. माझ्या झाडाच्या बुडाशी एक पिल्लू फुटलं, ते वाढल्यावर मी इंजिनियरसाहेबांना दिलं. त्यांनी ते इतक्या प्रेमाने वाढवलं की दिवसातून चार वेळा पाणी घालून महिन्याभरात मारलं. टोपी काढून आमच्या पडवीत बसले आणि म्हणाले, "बाई, पाटबंधारे खात्यातला माणूस मी. पाणी सोडायचं कळतं, थांबवायचं नाही." सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि पुढचं पिल्लू कधी फुटेल याचा अंदाजही.