पिशवीनं धरलेली जागा

लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टच्या काउंटरवर मी बावीस वर्षं उभी आहे. टायगर पॉइंटला कसं जायचं, धरणावर आत्ता पाणी असेल का, कार्ल्याच्या लेण्यांना पायऱ्या किती, चिक्की कुठली घ्यायची, ही उत्तरं मी झोपेतसुद्धा देईन. पण खरं सांगू? यातली निम्मी ठिकाणं मी कधी नीट पाहिलेलीच नव्हती. पायऱ्यांचा आकडासुद्धा माझा नव्हे, आधीच्या रिसेप्शनिस्टनं सांगितलेला. तिनं तो कुठून आणला होता ते देव जाणे.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर ती पिवळी बस सुरू झाली तेव्हा सगळ्यांत जास्त उत्सुकता मलाच होती. एकदा तिकीट काढायचं, वाटेल तिथं उतरायचं, हवं तेवढं बघायचं आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या बसमध्ये चढायचं. दर तासाला एक बस, तिकीट दिवसभर तेच. पाहुणे त्या बसबद्दल विचारायला लागले आणि मी नुसती हसायला लागले, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी दोन पास माझ्यासमोर ठेवले. म्हणाले, "मॅडम, एकदा फिरून या, म्हणजे लोकांना सांगता येईल."

बरोबर कोणाला न्यायचं? माझ्या मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. नवरा मंडपवाल्याच्या मागं, मुलगी ब्लाउज शिवणारीच्या मागं. राहिली आई. ती कार्ल्याची, पण लग्नाच्या गडबडीसाठी माझ्याकडं येऊन राहिलेली. सत्तरी ओलांडलीय, गुडघे दुखतात, तोंड मात्र अजिबात दुखत नाही.

"आपलंच गाव बघाया तिकीट?" आई म्हणाली. "डोकं फिरलंय का तुजं?"

"अगं, भाज्यालापण थांबते बस."

आई मटार सोलत होती. हात थांबले. शेंग हातातच धरून तिनं विचारलं, "गावात का लेण्यापाशी?"

"लेण्यांच्या पायऱ्यांपाशी."

"मंग येते. बसच तितं जाती, त्याला मी काय करनार?"

आता हे सांगायला हवं. भाज्याला पायऱ्यांपाशी माझ्या मावशीची टपरी आहे. चहा, भजी, लिंबू सरबत. मावशी म्हणजे आईची सख्खी धाकटी बहीण, आणि अकरा वर्षं दोघी एकमेकींशी बोललेल्या नाहीत. कार्ले ते भाजे अंतर ते किती! पायी निघालं तरी तासा-सव्वातासात माणूस पोचेल.

कारण काय, तर पत्रिका. आमच्याकडं जवळच्या नात्यात लग्नाचं आमंत्रण स्वतः जाऊन द्यायचं असतं. हळदीकुंकू लावायचं, अक्षता ठेवायच्या, पत्रिका हातात द्यायची आणि "यायचं बरं का" म्हणायचं. माझ्या भावाच्या लग्नात आईचा नुसता गोंधळ उडालेला, घर पाहुण्यांनी भरलेलं, दिवस संपत आलेले. तिनं मावशीची पत्रिका दूधवाल्याच्या हाती पाठवली. त्यानं ती कॅनच्या झाकणावर ठेवून नेली. मावशीच्या हातात पडली तेव्हा तिच्यावर दुधाचं गोल वळं उमटलेलं. त्याच संध्याकाळी ती पत्रिका परत आली, त्याच दूधवाल्याबरोबर, निरोपासकट: "ज्यानं आनली त्यालाच पंगतीला बसवा."

मावशी लग्नाला आली नाही. आईनंही हट्ट धरला, आधी तिनं यावं. दोघींच्या नाकावर माशी बसत नाही, मग कोण जाणार? मधे दोन दिवाळ्या काय, अकरा गेल्या. आता माझ्या मुलीच्या लग्नाच्या सगळ्या पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि देवाच्या फळीवर एकच उरली होती. मी आईला चारदा म्हटलं, चल भाज्याला. चारदा "मी न्हाई जायची." मला तर रडूच यायचं. मावशीनं मला लहानपणी न्हाऊमाखू घातलंय, माझ्या मुलीला तिच्या आशीर्वादाशिवाय सासरी कसं पाठवू?

बसच्या दिवशी सकाळी दिवा लावायला गेले तर फळी रिकामी. आईनं तिची कापडी पिशवी काखेत घट्ट धरलेली होती. हिरवे आणि विटकरी तुकडे जोडून शिवलेली ती पिशवी. दोघींचं बरं होतं तेव्हा मावशीनंच शिवून दिलेली. भांडण झाल्यावर आईनं ती टाकली नाही, हे त्या सकाळी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

बस छान होती. मोठ्या काचा, मऊ सीट, प्रत्येक सीटला कानात घालायची वायर. बटण दाबलं की एक बाई माहिती सांगते. हिंदी, इंग्रजी, आणि तिसऱ्या नंबरला मराठी. आईला मराठी लावून दिलं. पाचेक मिनिटांत आईचं त्या बाईशी भांडण सुरू झालं.

"आपल्या दोन्ही बाजूंना हिरवीगार भातशेती दिसत आहे," बाई म्हणाली असणार, कारण आई मोठ्यानं म्हणाली, "भात कापून पंधरा दिस झालं, बाई! कुटली हिरवीगार?"

पुढच्या सीटवरचं जोडपं वळून हसलं. ड्रायव्हर लोहगडवाडीचा, पन्नाशीचा माणूस, तोही आरशातून बघून म्हणाला, "आजी, तिला ऐकू जात न्हाई."

"मंग बोलती कशाला?"

पहिला स्टॉप दरीच्या कठड्यापाशी. सगळे उतरले. आई जागची हलेना. "उतरलं की तिकीट गेलं," ती म्हणाली. सगळा जन्म एसटीत गेलेला, तिचं काय चुकलं? मी पास दाखवला, ड्रायव्हरनं समजावलं, की आजी, दिवसभर कितींदाबी उतरा, कितींदाबी चढा. आईनं नीट ऐकून घेतलं आणि भलताच अर्थ काढला. तिकीट राहणार असेल, तर प्रश्न फक्त जागेचा. मग ती उठली, पिशवी खिडकीच्या सीटवर ठेवली, वरून एकदा थोपटली आणि उतरली.

"अगं आई, ही बस निघून जाईल. आपण दुसऱ्या बसनं जायचं."

"पिशवी हाय की जागेवर. रुमाल कुनीबी उचलतं, पिशवीला हात लावत न्हाई कुनी."

आता त्या दिवशी बुधवार, गर्दी नाही, ड्रायव्हर आपला बिडी ओढत उभा राहिला. आम्ही दरी बघून आलो, पिशवी होती तिथंच. तळ्यापाशीही तसंच झालं. आईनं माझ्याकडं असं पाहिलं, की बघ, मी काय म्हटलं होतं. मीही दोनदा हसून सोडून दिलं. चूक माझीच. बावीस वर्षं लोकांना माहिती देणारी मी, आणि शेजारी बसलेल्या आईला एक गोष्ट नीट पटवू शकले नाही.

कार्ल्याला, डोंगराच्या पायथ्याशी, मी म्हटलं, इथं कशाला उतरायचं, तू जन्मभर बघितलंयस. पण आईनं केव्हाच पदर सारखा केला होता. तिला लेणी बघायची नव्हती. तिला लोकांनी तिला बघायला हवं होतं, पिवळ्या बसमधून उतरताना. पिशवी सीटवर ठेवून ती अशी काही ऐटीत उतरली! नारळवाल्या बाईनं हाक मारलीच, "आगं बया, तुमी टुरिस्ट कवापासनं झाला?" झालं. आई तिला वायरीतली बाई, मऊ सीट, दरी सगळं सांगत बसली. मीही कौतुकानं ऐकत उभी राहिले. मागं इंजिनाचा आवाज झाला आणि बस वळून गेलीसुद्धा.

"पिशवी!" आई ओरडली.

मी पासच्या मागचा नंबर लावला. फोनवरची मुलगी गोड बोलली. "काळजी करू नका मॅडम, विसरलेलं सामान ड्रायव्हर भाज्याच्या स्टॉपवर ठेवतात. पायऱ्यांपाशी एक भजीवाल्या मावशी आहेत. फार विश्वासू आहेत."

फोन स्पीकरवर होता. आई मटकन नारळवालीच्या पोत्यावर बसली.

"काय गं? सापडली ना पिशवी?"

"हरवली असती तरी चाललं असतं," आई म्हणाली. "आत पत्रिका हाय. कुंकू, अक्षता, तिला घेतलेलं लुगडं. सगळं हाय. आन् ते आता डायवर नेऊन देनार तिला. म्हंजी पुन्यांदा दुसऱ्याच्या हातनं! आता ती म्हनंल, आदी दूदवाला धाडला, आता डायवर धाडला."

मला हसू आलं आणि लगेच विरलं. कारण मावशी असंच म्हणणार, शंभर टक्के. मी पुन्हा फोन लावला, ड्रायव्हरला थांबवा म्हणायला, तर लाइन लागेना. समोर रिक्षा उभी होती. आईला आत कोंबलं आणि म्हटलं, "भाऊ, भाजे. ती पिवळी बस गाठायचीय."

रिक्षावाला खूश. हायवे ओलांडला, मळवलीकडं वळलो, लांब बस दिसलीसुद्धा. मावळत्या चंद्रासारखी फिकट नाही, चांगली लख्ख पिवळी. आणि ती रेल्वेचं फाटक ओलांडून गेली आणि आमच्या तोंडावर फाटक पडलं. मालगाडी! डबे संपता संपेनात. आई रिक्षातून अर्धी बाहेर येऊन डबे मोजत होती आणि रेल्वेला शिव्या देत होती. मग ती आत सरकली. माझा हात धरला.

"मी दूदवाल्याकडं दिली त्या दिशी," ती म्हणाली, "मला येळ न्हवता असं न्हाई. मला वाटलं, आपलीच हाय, चालतंय तिला. परक्याच्या घरी मी सोता गेलते."

अकरा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. तेवढ्यात फाटक उघडलं.

भाज्याला पोचलो तेव्हा बस परत फिरून गेली होती. कुठल्याशा कॉलेजची सहल आलेली, मावशीच्या टपरीपुढं ही गर्दी. मावशी कढईपुढं, केस पार पांढरे झालेले. टपरीबाहेर एकच लांब बाक होतं. त्यावर पोरी दाटीवाटीनं बसलेल्या, काही प्लेटा हातात घेऊन उभ्या. आणि बाकाच्या टोकाला, बरोबर एका माणसाच्या जागेवर, आईची हिरवी-विटकरी पिशवी.

एक उभी मुलगी पिशवी उचलायला वाकली. मावशी झारा हातात घेऊन कडाडली, "ए बाय, ती न्हाई उचलायची. मानूस येतंय तितं."

मग तिनं वर पाहिलं. आई रस्त्याच्या मधोमध उभी.

"उगाडलीस का?" आईनं विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"दुसऱ्याच्या हातनं आलेलं मी उगाडत न्हाई," मावशी म्हणाली. "तुला ठावं हाय."

आईचा चेहरा उतरला. मावशीनं गॅस बारीक केला, बेसनाचे हात पदराला पुसले आणि बाहेर आली. "पिशवी माजी मी वळकते, आक्का. पिशवी ठिवून जागा धरायची खोड कुनाची, ते बी वळकते. म्हनलं, पिशवी आली म्हंजी मागनं ही येती. बस आता. कवाधरनं जागा राखतेय मी."

आई बसली नाही. तिनं उभ्यानंच पिशवी उघडली. कुंकवाची डबी तिला उघडेना, ती मी उघडून दिली. सगळ्या पोरी भजी खायचं थांबवून बघत होत्या. आईनं मावशीला हळदीकुंकू लावलं, लुगडं दिलं, अक्षता दिल्या, पत्रिका हातात ठेवली आणि म्हणाली, "यायचं बरं का." मावशीनं पत्रिका घेतली. तिच्या अंगठ्याचं बेसन पत्रिकेवर लागलं. "झाली का हीबी घान," म्हणाली आणि रडायलाच लागली. मग आई, मग मी. आमच्याशी काही संबंध नसताना त्या पोरींतल्याही दोघी.

त्यानंतर लेणी बघायला मी एकटीच वर गेले. पायऱ्या मोजल्या, आता भाज्याचा आकडा तरी माझा स्वतःचा आहे. खाली आले तर दोघी बाकावर, मधे भज्यांची प्लेट, आणि अकरा वर्षांचं कोण गेलं, कोणाला नातवंडं झाली, सगळं चाललेलं. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. तिसरीला आमचाच ड्रायव्हर होता. त्यानं हॉर्न वाजवला.

"आजी, चला. ही शेवटची. तुमची खिडकीची जागा रिकामी हाय."

आईनं बसकडं पाहिलं. पिशवी मांडीवर घेतली, तिची घडी घातली.

"ती द्या कुनालाबी," ती म्हणाली. "आमी हितंच उतरलो."