भिंतीपलीकडची विकेट

इंग्लंडमध्ये क्रिकेट बघायचं तर पैसे भरून चॅनेल घ्यावं लागतं, हे तिथल्या रीडिंग शहरात राहायला आल्यावर कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. हट्टाने घेतलंच नाही. मॅच असली की मी आणि बायको स्वयंपाकघरात फुकटचा रेडिओ लावायचो, आणि भारताने विकेट काढली की घसा फाटेस्तोवर ओरडायचो.

एका शनिवारी शेजारचे इंग्रज आजोबा दारात उभे. मला वाटलं, आवाजाची तक्रार. तक्रार होतीच, पण वेगळी. त्यांनी पैसे भरलेली मॅच इंटरनेटवरून यायची, म्हणून रेडिओच्या अर्धं मिनिट मागे असायची.

"बोलर अजून धावत असतो," ते काकुळतीला येऊन म्हणाले, "आणि भिंतीतून मला कळतं की आमचा माणूस गेला. त्यापेक्षा तुम्ही दोघं माझ्याकडेच बघायला या ना!"

बायको म्हणाली, "तू जा. मला माझा रेडिओच बरा." मी तत्त्वबित्त्व गुंडाळून ठेवलं आणि गेलो.

आजोबांनी चहा दिला, सोफ्यावरची चांगली जागा दिली. त्यांचा शेवटचा भरवशाचा बॅट्समन खेळत होता. बोलर रनअपच्या टोकाला जाऊन वळला. आम्ही दोघंही पुढे सरकून बसलो.

तेवढ्यात भिंतीपलीकडून बायकोची आनंदाची आरोळी आली.

आजोबांनी शांतपणे बिस्किटांची बशी माझ्यापुढे केली.

"घ्या," ते म्हणाले, "अर्धं मिनिट आहे आपल्याकडे."