जहाजछाप बाटलीचा निकाल

हैदराबाद संस्थानात वजिरापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांवर एकाच वेळी रागावलेला माणूस एकच होऊन गेला, आणि माझ्या नशिबानं तो माझा सासरा निघाला. सारी नोकरी त्यांनी बिदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतल्या शाळा तपासण्यात घालवली. शाळा उर्दू, मुलं घरी मराठी नाहीतर कानडी बोलणारी आणि साहेब तिन्ही भाषांत रागावणारे. कानडीत सुरुवात करायचे, मराठीत वाढवायचे आणि शेवटचा तडाखा उर्दूत द्यायचे. मुडबीच्या हेडमास्तरांनी एकदा त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. साहेबांनी त्यातलं एक फूल तोडून वर्गाला विचारलं, ह्यात बी कुठं असतं ते दाखवा. एकाही मुलाला दाखवता आलं नाही. साहेबांनी हार काढून हेडमास्तरांच्याच गळ्यात घातला, शाळेला तेहतीस गुण दिले आणि बैलगाडीत जाऊन बसले. शंभरात साठ म्हणजे पहिला वर्ग, आणि तो त्यांनी जन्मात कुणाला दिला नव्हता. घरी न शिजणाऱ्या तुरीच्या डाळीवर, उशिरा येणाऱ्या बसवर, दुपारी ओरडणाऱ्या कावळ्यावर ते त्याच तळमळीनं रागवायचे. पुढे पोलीस ॲक्शन झाली, जुनं सरकार गेलं, साहेब निवृत्त झाले. तपासायला शाळा उरल्या नाहीत, राग मात्र जिथल्या तिथं होता. तो सगळा अमेरिकन व्हिस्कीवर निघाला.

ही व्हिस्की त्यांच्या घरात आली कशी ते सांगायला हवं, कारण तोवर त्यांनी दारूच्या थेंबाला स्पर्श केला नव्हता. लढाईच्या काळात सिकंदराबादेच्या छावणीत अमेरिकन पलटणी येऊन गेल्या. त्या गेल्यावर मागं राहिलेला माल लिलावात निघाला. शाळांसाठी नकाशे आणि पृथ्वीचे गोल मिळतात का, ते बघायला साहेब तिथं गेले. खिळे ठोकलेल्या एका जड पेटाऱ्यावर काचसामान असल्याची सूचना होती. काचसामान म्हणजे प्रयोगशाळेचं साहित्य, असं ठरवून त्यांनी तो घेतला आणि गुलबर्ग्याला आणून उघडला, तर गवतात गुंडाळलेल्या बाटल्या. सासूबाई म्हणाल्या, विहिरीत टाका. साहेब लिलाववाल्यावर रागावले, पलटणीवर रागावले, एकंदर अमेरिकेवर रागावले आणि पेटारा त्यांनी माळ्यावर ढकलून दिला. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले तेव्हा तो खाली उतरला. सासूबाईंनी पुन्हा विहिरीचं नाव काढलं. त्यावर साहेब म्हणाले, "न तपासता पास करणारा तपासनीस हरामखोर, आन् न तपासता नापास करणारा त्याच्याहून हरामखोर. मी कुणाला तोंड न बघता नापास केलेलं न्हाई."

परीक्षा रविवारी सकाळी असायची. औषधाचा लहानसा काचेचा पेला, त्यात जेमतेम दोन चमचे, त्याहून थेंब जास्त नाही. दारू पिणाऱ्या माणसांचा साहेबांना मनस्वी संताप होता. आदल्या दिवसापासून घरात कांदा, लसूण आणि उदबत्ती बंद. भिंतीपलीकडच्या बाईंना निरोप जायचा की अर्धा तास फोडणी थांबवा. त्या बाईंनी एकदा मुद्दाम मूठभर हिंग टाकून फोडणी दिली, तेव्हा साहेब स्टुलावर चढून भिंतीवरून त्यांना जे बोलले ते उर्दूत होतं. बाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही, म्हणून शेजार टिकला. दुसरे परीक्षक होते गल्लीच्या टोकाचे हकीमसाहेब. ते पीत नसत, नुसता वास घेत. आयुष्यभर काढे हुंगून त्यांचं नाक तयार झालं होतं, आणि साहेब ज्यांच्यावर रागवत नसत असा जगातला हा एकमेव माणूस. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून दोघांना कळलं की ही दारू मक्याची असते आणि आतून जाळलेल्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरते. साहेब भडकले. मक्याची दारू करणारा देश लढाई जिंकतोच कसा? मग खात्री करून घ्यायला त्यांनी चुलीत मक्याची कणसं करपवली, जुन्या दाराची फळी जाळून तिचे तुकडे सासूबाईंच्या हंड्यात गुळाच्या पाण्यात भिजत घातले आणि रोज सकाळी त्यात नाक घालून बसले. तो वास हंड्याला दिवाळीपर्यंत होता. सासूबाईंनी त्या दिवाळीत नवऱ्याला उटणं लावलं नाही.

इंग्रजी नावांवर विश्वास नसल्यामुळं साहेबांनी चिठ्ठ्यांवरच्या चित्रांवरून बाटल्यांना नावं दिली होती. घोडा, गरुड, टोपीवाला, जहाज. निकाल ते शाळेसारखाच सांगत. घोडा सुरुवातीला काकवीसारखा लागतो, मध्ये नव्या चौकटीचा वास येतो, पण शेवटी घसा सोलून काढतो. पोरगं हुशार, वळण नाही, बेचाळीस. टोपीवाल्यात हकीमसाहेबांना करपलेली साखर आणि बडीशेप सापडली, पण साहेबांना नुसता गोडवा लागला. मास्तरांची खुशामत करणारं पोरगं म्हणून त्याला पस्तीस. घोट घेतल्याबरोबर गुण द्यायचे नाहीत, हा त्यांचा कडक नियम होता. घोट पोटात गेल्यावर जी चव मागून येते, ती येऊन पुरती विरेपर्यंत डोळे मिटून बसायचं. "तोंडावर सगळेच गोड असत्यात," ते म्हणायचे, "मागं काय ऱ्हातंय ते बघा." मग चुन्याच्या डबीत बोट बुडवून बाटलीवर गुण लिहायचे. एकदा निकाल लागला की बाटलीत उरलेला माल त्यांच्या लेखी वाया. तो कुणीही ओतून न्यावा, बाटली तेवढी ठेवावी.

आणि तो नेला आमच्या सोलापूरच्या लोकांनी. हे लिहिताना आजही माझं डोकं फिरतं. मुंबई राज्यात दारूबंदी झाली आणि सोलापुरात एकाएकी दत्तभक्ती उफाळून आली. बायकापोरांना घरी ठेवून माणसं एकेकटी गाणगापूरला निघायला लागली. गाणगापूर रोड स्टेशन आलं की ह्या भक्तांना हटकून झोप लागायची आणि गुलबर्गा आलं की टक्क जाग यायची, कारण गुलबर्गा हैदराबाद राज्यात आणि तिथं दारूला मोकळीक. परत येताना कपाळाला अंगारा असायचा. कुठल्या चुलीतला, ते दत्तालाच ठाऊक. हीच माणसं सोलापुरात दारूबंदीच्या सभेत पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटायची. ज्याला प्यायची त्यानं प्यावी, माझं काही म्हणणं नाही. पण देवाच्या नावानं तिकीट काढून प्यायला जाणाऱ्या माणसाला मी आजही घरात पाणी विचारत नाही. ह्या भक्तांचे मुकुटमणी होते माझे सख्खे काका. वडील गेल्यापासून आमच्या घरात त्यांचाच शब्द चालायचा. गुलबर्ग्याच्या एका निवृत्त साहेबांकडं अमेरिकन दारू फुकट मिळते, ही बातमी त्यांच्या कानावर आली आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांना माझ्या लग्नाची काळजी वाटायला लागली. त्या साहेबांना लग्नाची मुलगी होती.

मुलीच्या लग्नाचं घोडं अडलं होतं ते बापाच्या तोंडामुळं. एक वकील तिला बघायला आला, तर साहेबांनी त्याला कृष्णा आणि भीमा कागदावर काढायला लावल्या. त्यानं दोन्ही नद्यांचा संगम भलतीकडंच केला. ज्याला नद्या कळत नाहीत तो माझ्या पोरीला कुठं नेऊन बुडवील, असं तोंडावर सांगून साहेबांनी त्याला वाटेला लावलं. दुसऱ्या मुलाच्या बापानं आपला मुलगा फर्स्ट क्लास असल्याचं सहज म्हटलं. ते लोक चहा न पिता उठले. त्यानंतर वर्षभर त्या घराकडं कुणी फिरकलं नाही. आम्ही येणार म्हटल्यावर सासूबाई नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या खेपेला तोंड उघडलंत तर पोरगी जन्मभर ह्याच घरात बसंल. तुम्ही जाल मरून. तिला कोण बघंल?" साहेबांनी मान हलवली. पण आम्ही जायचं ठरलं तो नेमका जहाजाच्या परीक्षेचा रविवार होता. पेटाऱ्यात तेवढी एकच बाटली फोडायची राहिली होती. सगळ्यांत जास्त वर्षं पिंपात मुरलेली म्हणून त्यांनी ती शेवटी ठेवली होती. तिच्यासाठी त्यांनी महिनाभर तंबाखू सोडला होता. पहिल्या वर्गाची कुणाकडून आशा धरली असेल तर ती ह्या एका बाटलीकडून.

आम्ही पोचलो तेव्हा जहाज टेबलावर होतं, शेजारी औषधाचा पेला धुऊन उपडा घातलेला, आणि हकीमसाहेब येऊन बसलेले. मुलगी सुशीला, म्हणजे भिजवून परतलेले चुरमुरे, घेऊन आली. मी तिच्याकडं बघितलं, तिनं बापाकडं बघितलं. काकांनी तिच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. त्यांची नजर बाटलीवर होती. बशी अर्धी झाली नाही तोच ते म्हणाले, "ही तीच का? उघडा की मग. सोयरीक कोरड्या तोंडानं जुळत न्हाई." साहेबांच्या कानशिलाची शीर उडताना मला दिसत होती. मग त्यांनी स्वतःच्या हातानं बाटलीचं बूच काढलं आणि बाटली काकांच्या पुढं सरकवली. काकांनी औषधाचा पेला बाजूला सारून पाण्याचा पितळी तांब्या मागवला, त्यात निम्मी बाटली ओतली, वर गोटी सोडा फोडला, आणि कमी पडली म्हणून माझ्या सरबताचा पेलाही त्यातच रिकामा केला. हकीमसाहेबांनी डोळे मिटून घेतले. ते पुटपुटत होते, "नक्को बोलो साब, नक्को." उठून तो तांब्या काकांच्या डोक्यावर पालथा घालावा असं मला वाटत होतं.

काकांनी अर्धा तांब्या एका दमात घेतला, मिशी पुसली आणि म्हणाले, "बरी हाय. पर आमच्याकडची हातभट्टी हिच्यापरीस तेज." सासूबाईंनी दाराची चौकट धरली. आयुष्यभर कुणाचं चुकलेलं अक्षर सोडलं नाही असा तो माणूस, त्याच्यासमोर जगातलं सगळ्यांत चूक उत्तर दिलं गेलं होतं. साहेबांनी काकांकडं बघितलं, मग मुलीकडं बघितलं. "व्हय," ते म्हणाले. काकांनी त्यांनाही घ्यायचा आग्रह केला, तर मान हलवून म्हणाले, "न्हाई. तुम्हीच संपवा." काकांनी संपवली. थेंबसुद्धा ठेवला नाही. संध्याकाळपर्यंत लग्न ठरलं होतं. बायको मला पुढं सांगायची की त्या रात्री तिला झोप लागली नाही. अप्पा रागावले नाहीत म्हणजे त्यांना काहीतरी मोठा आजार झालाय, अशी तिची समजूत झाली होती.

लग्नानंतर त्यांचा राग पूर्ववत झाला आणि त्यातला मोठा हिस्सा माझ्या वाट्याला आला. माझी चप्पल काढायची पद्धत, माझं कानडी, माझं ताक पिणं, सगळ्यात मी नापास. मी ते सगळं गुमान ऐकून घेत असे, कारण मी तो रविवार पाहिला होता. काकांचं नाव त्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही. भिंतीतल्या फळीवर रिकाम्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीवर चुन्यानं लिहिलेले गुण. शेवटच्या जहाजावर मात्र काही लिहिलेलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर अंगावर आले, "चाखलीच न्हाई तर गुण कशाचे देऊ? कामून इचारायलास?"

पुढं राज्यांची मोडतोड होऊन गुलबर्गा म्हैसूरकडं गेलं. साहेब दम्यानं अंथरुणाला खिळले होते, तरी सरहद्दीची रेघ मारणाऱ्यांवर संतापायला त्यांना श्वास पुरत होता. हे लोक माझ्या शाळेत असते तर मी ह्यांना भूगोलात नापास केलं असतं, असं ते म्हणायचे. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं. मी दारातच उभा राहिलो.

"सुखी हाईस का?" त्यांनी मुलीला विचारलं.

"व्हय अप्पा."

"तोंडावरचं सांगू नकोस. इतकी वरसं झाली. मागं काय ऱ्हायलंय ते सांग."

ती डोळे मिटून बसली. त्यांनीही डोळे मिटून घेतले होते. मग ती म्हणाली, "आमी लई भांडताव. मला राग येतो ह्यांचा. पर हितं आले की दुसऱ्या दिवशीच वापस जावं वाटतंय."

साहेबांनी जहाज खाली काढायला लावलं आणि चुन्याची डबी मागितली. आकडा ठसठशीत आला. साठ. बायकोनं तो बघितला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "साठच?" म्हातारा उशीवरून उठून बसला. कानडीत सुरुवात केली, मराठीत वाढवलं, आणि उर्दूपर्यंत पोचायच्या आत खोकल्याची उबळ आली. त्यांच्या तोंडून ऐकलेला तो शेवटचा राग. महिन्याभरात ते गेले.

जहाज आता आमच्या घरी आहे. आमचं भांडण जुंपलं की बायको त्या बाटलीकडं बघते आणि म्हणते, अप्पा असते तर आज पाच गुण कमी केले असते. एकदा तर रागाच्या भरात तिनं पदर ओला करून बाटली हातात घेतली होती. मग तिनं बाटलीवरची धूळ तेवढी पुसली, चुन्याच्या आकड्याला धक्का न लावता, आणि ती परत होती तिथं ठेवली.