खंडेनवमीची तपासणी

माझी नात ज्ञानेश्वरी औषधं बनवते असं सांगितलं, की अर्ध्या लोकांना वाटतं पोरगी मेडिकलच्या दुकानात गोळ्या विकते, आणि उरलेल्यांना वाटतं घरात काढे उकळते. गोठिवलीत आमच्या आळीतल्या एकाने तर मला गाठून गुडघ्यासाठी तेल मागितलं. म्हटलं, बाबा रे, तसं नाही. कंपनी गोळी करते ती मोठ्या माणसाच्या मापाची. तीच तान्ह्या पोराला द्यायची झाली तर? एखाद्या म्हातारीला गिळताच येत नसेल तर? डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो आणि आमची ज्ञानू त्या एका माणसापुरतं औषध तयार करते. रेडिमेड शर्ट आणि शिंप्याने माप घेऊन शिवलेला शर्ट, एवढाच फरक. तो सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हणजे तेल नाय?"

मापाचा नाद तिला लहानपणापासून. माझी बायको वेणूबाई एकदा तिला कालवण शिकवायला बसली.

"मीठ चिमूटभर टाक."

"कोणाची चिमूट, आजी? तुझी का माझी?"

"माझी."

"मग तू घरी नसशील तेव्हा कुठून आणू?"

वेणूने तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि शेजारीपाजारी सांगून आली, की ही पोर सासरी नांदायची नाय.

पुढे पोरगी फार्मसी शिकली आणि महाप्याच्या एका औषध कारखान्यात लागली. काम काय, तर दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या गोळ्यांत खोट काढायची. आणि त्याचा पगार! वेणू म्हणाली, "ह्या काम तर मी फुकट करतंय." मग वाशीच्या एका हॉस्पिटलात मलमं घोटणं, मुलांच्या मापाच्या पुड्या बांधणं, असं सुरू झालं आणि तिथे ज्ञानूला गोडी लागली. एक दिवस नोकरी सोडून घरी आली. म्हणाली, "आजोबा, तळमजल्याचा गाळा मला द्या. मी स्वतःची खोली काढते."

गाळा रिकामाच होता. पण खोली म्हणजे कसली खोली! कोपऱ्यात धूळ बसते म्हणून तिला कोपरेच नको होते. गवंडी डोक्याला हात लावून म्हणाला, "ताई, आयुष्यभर काटकोन शिकलो, आता तुमच्यासाठी विसरू?" दोन दारं, पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आत गाळलेली हवा. शिरताना टोपी, मास्क, पांढरा झगा, पायात पिशव्या. हात कोपरापर्यंत धुवायचे, ते कसे याची चित्रं भिंतीवर. भाऊबंद बघायला आले तर तिने सगळ्यांना काचेबाहेर उभं केलं. माझा धाकटा मुलगा रूपेश म्हणाला, "म्हणजे घरात मत्स्यालय काढलंस."

नेरुळच्या लहान मुलांच्या एका डॉक्टरांनी तिला काम द्यायचं कबूल केलं होतं. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, की दिवाळीआधी सरकारी मंजुरी आणा, माझे पेशंट थांबू शकत नाहीत, नाहीतर मला दुसरीकडे जावं लागेल. आणि मंजुरी कधी, तर औषध निरीक्षक येऊन खोली तपासून गेले की. म्हणजे पोरीचं सगळं त्या एका भेटीवर टांगलेलं.

भेटीचा दिवस आला तो नेमका खंडेनवमीचा. रूपेश हळहळला. तो न्हावा शेव्याच्या बंदरात कस्टमवाल्यांकडून कंटेनर सोडवायचं काम करतो, अधिकारी म्हणजे जेवायला घालायचा पाहुणा अशी त्याची समजूत. "नवरात्रात साहेब आला म्हणजे पापलेट बाद. साबुदाण्यावर कुठं कोण खूष होतं का?"

"काका, त्या मॅडम काही खात नाहीत," ज्ञानू म्हणाली. "तू फक्त गप्प बस."

निरीक्षक होत्या सुचिता मॅडम, मूळच्या नांदेडकडच्या. गावात शिरताना त्यांची गाडी चुकली, मोबाइलमधली बाई त्यांना तळ्याकडे घेऊन गेली. त्यांना आणायला ज्ञानू धावत गेली. मी नाक्यावर झेंडू आणायला गेलो होतो. परत आलो तर गाडी दारात, आणि मॅडम, ज्ञानू, रूपेश तिघंही काचेसमोर पुतळ्यासारखे उभे.

आत एक बुटकी आकृती. टोपी, मास्क, झगा, पायात पिशव्या, सगळं नियमाने. हातात निरांजन. आणि ती ज्ञानूच्या वजनकाट्याला ओवाळत होती.

"ह्या तुमच्या सहायक का?" मॅडमनी विचारलं.

"ह्या माझ्या आजी," ज्ञानू म्हणाली.

वेणू बाहेर आली, तीही शिस्तीत. पहिलं दार लागेपर्यंत थांबली, मग दुसरं उघडलं. बाहेर आल्यावर मास्क खाली ओढून म्हणाली, "आयल्या? बसा. परसाद आनतंय."

मॅडम बाकावर बसल्या. "आजी, आधी तुम्ही बसा की. आत काय काय नेलं होतं?"

"हलद, कुकू, तांदूल, फुला, निरांजन. आन नारल."

"हात धुतले होते?"

"कोपरापरत. भितीवर चित्र हायेत तसंच."

"हातमोजे?"

"घातलं होतं. पन कुकू बोटाला लागंना, म्हनून एक काढला."

मॅडमनी खोकल्यासारखं केलं. "आणि नारळ कुठं फोडला?"

वेणू माझ्याकडे बघायला लागली. मी झेंडूकडे.

"आजी?"

"त्या पांढऱ्या खलबत्त्यावर. मना काय ठाव तो कपबशीच्या मातीचा हाय! आमचा लोखंडाचा, पिढ्या गेल्या मसाला कुटून. आवशद कुटायचा खलबत्ता आन नारलाला घाबरला!"

काचेतून दिसत होतं, खलाचे दोन तुकडे, कुंकवाचा टिळा लावलेला काटा, आणि काट्यावर पडलेल्या अक्षतांचं वजन इमानदारीने दाखवणारे हिरवे आकडे.

"पण आजी, आत जाऊ नका म्हणून सांगितलं नव्हतं का?"

"सांगितला होता. पन आज हत्याराची पूजा. रिक्षावाला रिक्षाला हार घालतंय, सलूनवाला कातरीला कुकू लावतंय. माझे नातीच्या हत्याराला कोन नाय काय?"

मॅडम पर्समध्ये पेन शोधू लागल्या. ती संधी साधून रूपेश पुढे आला. "मॅडम, फडकं मारलं की झालं. घ्या, खोबरं घ्या." मॅडमनी खोबऱ्याकडे पोलिसाने मुद्देमालाकडे बघावं तसं पाहिलं.

"फडक्याने होत नाही, काका," ज्ञानू म्हणाली. मग मॅडमकडे वळली. "मॅडम, आज मी मंजुरी मागत नाही. आत धूर झालाय, हवेची गाळणी बदलावी लागेल. काटा पुन्हा तपासून घ्यायला हवा. खल नवा आणते. खोली बंद. सगळं झालं की कळवते."

"अगं, दिवाळी तोंडावर आली!"

"काका, ते औषध तान्ह्या पोराच्या पोटात जाणार. त्याला कुठली दिवाळी?"

मॅडम उठल्या. "मी बी हेच लिहिणार होते. तुम्ही आधी बोललात, बरं झालं." आणि गेल्या. सूट नाही, सवलत नाही, काही नाही.

वेणू मागच्या पडवीत जाऊन बसली, जेवेना. ज्ञानू ताट घेऊन गेली.

"मी तुजा वाटोला केला, पोरी."

"वाटोळं कुठे? दोन तुकडेच केलेस. जेव आता. उद्यापासून तुला कामाला लावणार आहे."

काम म्हणजे दारावर बसायचं आणि कोणाला आत सोडायचं नाही. ज्ञानूने हे गमतीत सांगितलं असावं, पण वेणूने खुर्ची मांडली ती मांडलीच. गाळणी बदलणाऱ्या माणसाला तिने दोनदा हात धुवायला लावले. काटा तपासायला आलेल्या इंजिनियरला टोपीतून केस बाहेर दिसतो म्हणून परत पाठवलं. मला तर दारासमोरून जायचीही बंदी, कारण मी तपकीर ओढतो.

मॅडम दुसऱ्यांदा आल्या तेव्हा दिवाळी उंबऱ्यावर होती. नेरुळच्या डॉक्टरांचा सकाळीच फोन येऊन गेला होता. ज्ञानूने घास तोंडात घातला नव्हता.

"अंगठी," वेणू खुर्चीतूनच म्हणाली.

"आजी, मी तपासणीला आलेय."

"म्हनून तर. अंगठी, बांगडी, घड्याल. आन ती टिकली."

मॅडमनी एकेक काढून पर्समध्ये टाकलं. हात धुतले. वेणूने चित्राशी ताडून पाहिलं आणि मान हलवली, तेव्हा कुठे दार उघडलं.

बराच वेळ लागला. रूपेशने तोवर पापलेटं तळून ठेवली. दोघी बाहेर आल्या, ज्ञानूच्या गालावर मास्कचे वळ. "कागद हपिसातून येईल," मॅडम म्हणाल्या, "पण माझ्याकडून काही उरलं नाही." मग हळूच विचारलं, "आजी पगारी आहेत का?" त्या स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि निघाल्या. पापलेटं रूपेशने संपवली, दुःखाने.

कागद आला, आणि त्याच्या मागोमाग नेरुळहून पहिली चिठ्ठी. एका तान्ह्या मुलीचं औषध, इतकं थोडं की मला काचेतून दिसेनासुद्धा. ज्ञानू काट्यासमोर उभी, अजिबात न हलता. काचेबाहेर आम्ही सगळे भाऊबंद एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत, तेही न हलता.

रूपेश शिंकला.

ज्ञानूने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, आणि आतून पडदा ओढून घेतला.