पोर्च वाचवायला किचन फोडलं

मी पोचले तेव्हा वैशालीच्या किचनमध्ये फरशी फोडायचा ब्रेकर सुरू झाला होता. दोन फरशा उखडल्या होत्या आणि ती जिन्यात बसून कंपनीतल्या पोरांचे डबे भरत होती. डबे हाच तिचा धंदा.

भोसरी गावठाणातलं घर. खालच्या बाथरूममधून मैला वर येत होता. ड्रेनेजच्या पाइपात कॅमेरा घालून बिघाड शोधणं हे माझं काम. वैशालीने मला बोलावलं, पण तिच्या सासऱ्यांनी, दामूअण्णांनी, त्याआधीच भाच्याला काम देऊन टाकलं होतं. हा बाळू कालपर्यंत प्लॉट विकायचा. हल्ली ज्याच्या हातात ब्रेकर, तो कॉन्ट्रॅक्टर.

"मॅडम, लाइन पूर्ण गेली. किचनपासून रोडपर्यंत नवीन टाकायची."

"कशावरून?"

"वास येतोय की!"

नाकाने निदान करणारा कॉन्ट्रॅक्टर मी प्रथमच पाहिला. याच्याकडे औषध एकच, खोदा. अहो, नुसतं तुंबलं असेल तर पाण्याच्या जोरदार माऱ्याने, म्हणजे जेटिंगने, मोकळं होतं. एखादा तुकडा फुटला तर तेवढाच बदलतात. नुसत्या चिरा असतील तर आतून अस्तर बसवतात, त्याला लायनिंग म्हणतात. सगळी लाइन उपटणं हा शेवटचा उपाय. पण आत बघितल्याशिवाय यातलं काहीच ठरत नाही.

"चेंबर कुठंय?" मी विचारलं. लाइन साफ करायला ठेवलेला झाकणाचा खड्डा, तो चेंबर.

वैशालीने पोर्चकडे बोट केलं. नणंदेच्या लग्नात पाहुण्यांना गटाराचं झाकण दिसू नये म्हणून याच बाळूने त्यावर पेव्हिंग ब्लॉक टाकून रोलर फिरवला होता. काय ती अक्कल! आता तिथे अण्णांची नवी गाडी उभी होती.

तुंबलेलं पाणी उपसून, कमोड काढून मी कॅमेरा आत सोडला. किचनखाली पाइप ठणठणीत. पोर्चखाली मात्र रोलर आणि गाडीच्या वजनाने पार चेपलेला. सगळ्यांना स्क्रीनवर दाखवला.

"गाडीखालचा तेवढा तुकडा बदला," मी म्हटलं.

"पोर्च न्हाई फोडायचा," अण्णा म्हणाले. "चार लोक येत्यात घरी. किचन तर फोडल्यालंच हाय."

मला संताप आला. "अण्णा, चांगला पाइप काढून फुटका ठेवणार? मैला नव्या किचनमध्येही येईल."

तरी ते हलेनात. मग वैशाली उठली. खुंटीवरची गाडीची किल्ली काढून तिने त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"अण्णा, उद्या डबे गेले नाहीत तर पोरं दुसरी मेस धरतील. गाडी काढा."

त्यांनी काढली. त्याच दिवशी पाइप बदलला, चेंबरही उघडा झाला. पोर्चचे ब्लॉक बाळूने संध्याकाळच्या आत चकाचक बसवून दिले. किचनच्या फरशांना त्याला अजून सवड झालेली नाही. वैशाली खड्ड्यावर फळी टाकून डबे करते.

कॉन्ट्रॅक्टर बोलवायच्या आधी कॅमेरा घाला, हे मी सगळ्यांना सांगते. पण कॅमेऱ्यात फक्त पाइप कुठे फुटलाय ते दिसतं. खोदायचं कुठे, ते घरात कोणाचं चालतं त्यावर ठरतं.