भोकाचे बिल्ले

जुन्या कापूसवाल्या शेठजींचे पितळी बिल्ले मी गोळा करतो, हे अकोल्याच्या भंगारबाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी आमच्याकडे कापसातली सरकी काढायची जिन चालवणारे काही शेठ सकाळी फाटकावर मजुराच्या हातात असा बिल्ला ठेवत. संध्याकाळी तो त्यांच्याच दुकानात दिला की ज्वारी मिळे. दुसरीकडे त्याला कोणी विचारत नसे. अमरावतीत कॉलेजात इतिहास शिकवत होतो, तेव्हापासूनचा हा नाद.

काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एका ओळखीच्या भंगारवाल्यानं मला बोलावून घेतलं. दुकान त्याच्या वडिलांपासूनचं. त्यानं मागून एक डबा आणून माझ्यापुढे सरकवला. आत मूठभर बिल्ले होते, काळे ठिक्कर. काहींच्या कडा वितळून ते एकमेकांना चिकटले होते.

"पैसे राहू द्या, प्रोफेसरसाब. फक्त घेऊन जा. अब्बानं हे कधी भट्टीत टाकू दिले नाई, अन् मले आता दुकानात ठेवाचे नाई."

"काहून?"

"अब्बा म्हणत, हे बायांचे आहेत. याच्यापुढं ते काही सांगत नसत."

घरी येऊन ते चिंचेनं घासायला बसलो. अकोल्याच्या एका शेठची हत्तीची खूण वर आली. त्या शेठचे बिल्ले माझ्याकडे आधीपासून होते, पण ते सगळे सपाट. या प्रत्येकाला वरच्या कडेला भोक होतं, दोऱ्यात ओवून गळ्यात घालायला. घासता घासता माझा हात थांबला. दिवसभर राबून मिळालेला बिल्ला कोणी ज्वारी न घेता ठेवून देत नाही. या बाया त्या संध्याकाळी दुकानापर्यंत पोचल्याच नव्हत्या.

बायको म्हणाली, "हे घरात नका ठेवू." मी ते गच्चीवर नेऊन ठेवले.

हत्तीवाल्या शेठची जिन अकोल्याबाहेर, रेल्वेरुळांच्या पलीकडे होती. गेलो तर तिची फक्त विटांची चिमणी उभी. शेजारी नवी जिनिंग सुरू होती आणि मधल्या पट्ट्यात एका खोलीत एक म्हातारी एकटी राहत होती. तिची आजी जुन्या जिनमध्ये कापूस निवडायला जायची.

"बाया लुगड्यात रुई लपवतात म्हनून बाहेरून कुलूप लावत," ती म्हणाली. "आग लागली तवा किल्लीवाला जेवाले गेला होता. माही आजी लेकराले पाजाले कुंपनापाशी आली होती, म्हनून वाचली. बाकीच्या आतच राहिल्या."

मी खिशातून एक बिल्ला काढून पुढे केला. तिनं हात लावला नाही.

"ते ठेवा. तिकडं पाहा."

नव्या जिनिंगच्या शेडला लोखंडी दार होतं. त्याला साखळी, साखळीला कुलूप. आत यंत्रांची घरघर आणि तिच्यावरून एकमेकींना हाका मारणाऱ्या बायांचे आवाज. फटीतून रुईचा भुसा उडत होता.

मी तडक ऑफिसात गेलो. सुपरवायझरनं खुर्ची दिली, चहा मागवला.

"चोरी होते, सर. अन् किल्ली माझ्यापाशीच असते ना."

"दाखवा."

त्यानं खिसे चाचपले, खण उघडला, दुसरा उघडला. मग बाहेर जाऊन कोणाला तरी हाक मारली. चहा येऊन निवला तरी किल्ली आली नव्हती.

मी तक्रार केली. तपासणी झाली, साखळी निघाली. त्यानंतर दर हंगामात, कापसाच्या गाड्या लागल्या की म्हातारीचा फोन यायचा. "दार उघडं हाय," एवढंच सांगून ठेवून द्यायची. त्या रात्री मला नीट झोप लागायची.

यंदा गाड्या लागल्या, दिवाळी होऊन गेली, फोन आला नाही. मी लावला तर बंद. शेवटी बसनं अकोल्याला गेलो. खोलीच्या जागी मुरूम पसरलेला होता. पानटपरीवाला म्हणाला, जागा रिकामी करून घेतली, ती कुठं गेली कोणाले ठाऊक नाई. जिनिंगभोवती नवी भिंत उठली होती, माझ्या डोक्याहून कितीतरी उंच. शेडचं दार आता रस्त्यावरून दिसत नव्हतं. फाटकावरच्या माणसानं मला नाव विचारलं आणि आत सोडायला नकार दिला.

भिंतीला लागून मी बराच वेळ उभा राहिलो. आत यंत्रं चालू होती. बायांचे आवाज येतात का, ते ऐकत होतो.