दुपारी वळणारी मूठ

चिकुनगुनियाचा ताप उतरला, पण माझी बोटं काही सुटली नाहीत. पहाटे गोठ्यात गेले की सड धरता यायचा, दाबता यायचा नाही. आमची जर्सी गाय माझ्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही, आणि दूध आत राहिलं तर कास सुजते. ती मागं वळून बघायची. मी बोटांवर फुंकर घालत बसायची.

नवल म्हणजे दुपारपर्यंत हीच बोटं मोकळी व्हायची. धुणं पिळायची, भाकरी थापायची. सासूबाई हे बघत होत्या.

"धारंच्या टायमालाच बरी दुखत्यात गं तुजी बोटं. भाकरी थापताना कुटं जातं दुखनं?"

मलाही तेच कळत नव्हतं. दुखणं खरं असेल तर दिवसभर का नाही? का धारेचा कंटाळाच मनात कुठं दडून बसलाय?

डॉक्टर बेलापूरला, आणि आमची एसटी दुपारची. त्यांनी मूठ वळायला सांगितली. लगेच वळली. "छान," ते म्हणाले. सकाळचं सांगायला माझं तोंडच उघडलं नाही. ताकदीच्या गोळ्या घेऊन परत आले.

मग गाईचा एक सड गरम लागला. गाईच्या डॉक्टरनं सुई दिली आणि दूध आत ठेवू नका म्हणून बजावलं. दुसऱ्या सकाळी, आखडलेली बोटंच डॉक्टरांना दाखवू म्हणून, आमच्या मालकांनी मला बेलापूरला न्यायला मोटरसायकलवर बसवलं. वाटभर खड्ड्याखड्ड्याला मागची दांडी धरत-सोडत बसले, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत बोटं पुन्हा मोकळी! रडूच आलं. खाली बघतच बोलले, "सकाळी न्हाई वळत, दुपारी वळत्यात. मी खोटं न्हाई बोलत."

"अहो ताई, हीच तर खूण आहे. या तापानंतर सांधे सकाळी आखडतात, हलवले की सुटतात. आधी का नाही सांगितलंत?"

त्यांनी गोळ्या बदलल्या, कोमट पाण्यात हात धरायला सांगितले. दुखणं कधी जाईल, ते मात्र नक्की सांगितलं नाही.

"असला कसला रोग बाई, घड्याळ बघून येनारा!" सासूबाई म्हणाल्या. पण पहाटे बादली त्यांच्या हातात होती. गाईनं लाथ झाडली. मग मला खाली बसवून त्यांनी माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि दाबलं. धार लागली. दुखत होतं, बरंही वाटत होतं. दूध कुणाच्या हातानं येतंय, ते मला कळेना. गाईलाही कळत नसावं.